एका सोड्याचे दोन सोडे

नत्थू, तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल फारच चांगलं बोलायला लागले आहेत. तू ऐकलं असतंस तर तुला संशय आला असता, की ही सगळी मंडळी फुकटचा सोडा प्यायला आली आहेत. तू मनमिळाऊ होतास म्हणे. तू कधी कोणाला उलटून बोलला नाहीस म्हणे. हे सांगणाऱ्या किराणावाल्याला तू भर बाजारात 'गॅस गेलेला माणूस' म्हणाला होतास. ते तो विसरला की त्याने माफ केलं, काही कळत नाही.

पाचव्या दिवशी बाजारातल्या पारावर तुझी शोकसभा झाली. पुलगावात आजवर शोकसभा झाल्या त्या पुढाऱ्यांच्या आणि वकिलांच्या. गोटीसोड्याच्या बाटल्या भरणाऱ्या माणसाची ही पहिलीच. शाळेचा विज्ञानाचा मास्तर आणि तुझा जुना दोस्त म्हणून मला बोलायला उभं केलं. मी वीस मिनिटं बोललो. तुझे कष्ट, तुझी सायकल, तुझं गडगडाटी हसणं, सगळं आलं. दोन बायका रडल्या. खाली बसलो तेव्हा शेजारच्याने माझा हात दाबला आणि म्हणाला, "मास्तर, काईच सोडलं नाई तुमी." मी मान हलवली. सोडलं होतं. एकच गोष्ट सोडली होती, आणि ती झाकायलाच बाकीची वीस मिनिटं बोललो होतो.

ती गोष्ट म्हणजे आपलं भांडण. एक वाटी खायचा सोडा खर्च करून दोन वाट्या खायचा सोडा तयार करता येतो का, यावर आपण चार वर्षं भांडलो. तू म्हणायचास येतो. मी म्हणायचो, शक्य नाही. आणि नत्थू, त्या चारांतली शेवटची दोन वर्षं मला पक्कं ठाऊक होतं की तुझं बरोबर आहे.

हे मी आता लिहितो आहे. तुला जाऊन दीड महिना झाला. मला रागही येतो आहे, स्वतःचा आणि थोडा तुझाही, कारण तू अशी घाई करशील हे तू मला सांगितलं नव्हतंस.

आपली ओळखसुद्धा सोड्यानेच झाली, आणि त्या दिवशीही मी काही शहाणा ठरलो नव्हतो. नाचणगावला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आमच्या वस्तीतला पहिला मास्तर मी. त्यामुळे वरपक्षाला गोटीसोडा पाजायचाच, असा हट्ट धरून बसलो होतो. दोन पेट्या सायकलला बांधून तू स्वतः ढकलत आलास. तेवढ्यात स्वयंपाकाकडे ओरडा झाला. आमच्या विहिरीचं पाणी जड, तुरीची डाळ शिजता शिजेना, म्हणून आचाऱ्याने गंजात मूठभर खायचा सोडा टाकला होता. डाळ शिजली. मग त्याने चिंचेचा कोळ ओतला. त्याबरोबर वरण फसफसून उठलं, गंजाच्या काठावरून खाली उतरलं, चूल विझवली आणि मांडवाच्या दिशेने निघालं. बायका पळाल्या. नवऱ्या मुलाच्या आत्याने ही बाहेरची बाधा असल्याचं जाहीर केलं.

मी बाजेवर चढलो आणि मोठ्याने सांगू लागलो, की मंडळी, भिऊ नका, चिंचेत आम्ल असतं, सोड्याला आम्ल भेटलं की कर्बवायू बाहेर पडतो, ही केवळ रासायनिक क्रिया आहे. कोणी ऐकत नव्हतं. बाज मात्र करकरत होती. तू पेट्या खाली ठेवल्यास, गंजाजवळ गेलास, पळीभर वरण तळहातावर घेऊन चाटलंस आणि आचाऱ्याला म्हणालास, "चिंच अजून टाक. सोडा जिता हाये अजून. मेला की गप बसते." त्याने टाकली. पुन्हा फेस आला, जरा कमी. पुन्हा टाकली. मग वरण गप बसलं. थोडं खारट लागलं, पण लग्न पार पडलं.

तू परत जाशील असं वाटलं होतं. तू आमच्या पंगतीत मांडी घालून बसलास. "हे वरण माह्या हातचं हाये, पयले मीच खाईन," म्हणालास. त्या काळी बाजारातला कोणी दुकानदार आमच्या वस्तीत जेवायला बसत नसे, हे तुलाही माहीत होतं आणि वाढणाऱ्यांनाही. माझ्या बापाने तुला तीनदा विचारलं, "घेता ना?" तू तीनदा घेतलंस.

पुढे शाळा सुटली की मी तुझ्या दुकानात येऊ लागलो. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने तुला बाजूला घेऊन सुचवलं, की मास्तरांचा गिलास वेगळा ठेवत जा. मला ऐकू येईल इतकं हळू त्याने सुचवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात एकही गिलास नव्हता. "गिलास बंद," तू सगळ्यांना सांगितलंस. "ज्याले प्याचं त्यानं गोटी दाबावं अन् बाटली तोंडाले लावावं." आठ दिवस गावाने कुरकुर केली. आमच्या हेडमास्तरांना बाटलीने प्यायची सवय नव्हती, त्यांच्या नाकातून सोडा आला आणि धोतरावर सांडला. तरी ते रोज येत राहिले, कारण गावात दुसरा सोडा नव्हता. मी तुझे आभार कधी मानले नाहीत. तू मानू दिले नसतेस, असं मी स्वतःला सांगत आलो.

तुझा कारखाना म्हणजे दुकानामागची एक खोली. शिशाचं अस्तर लावलेलं भांडं, त्यात खायचा सोडा आणि पाणी, वरून गंधकाचं तेजाब थेंब थेंब सोडायचं. निघालेला वायू पाण्यातून धुऊन टाकीत घ्यायचा. टाकी म्हणजे पाण्यात उपडी घातलेली लोखंडी कोठी, वायू भरला की ती हळूहळू वर चढते. मग चाक फिरवून वायू पाण्यात कोंबायचा आणि बाटल्या भरायच्या. मी हे सगळं पुस्तकातून शिकवत होतो, तू रोज करत होतास. मी म्हणायचो, आम्लाने सोड्यातला कर्बवायू मुक्त होतो. तू म्हणायचास, सोडा मरते अन् जीव टाकीत जाते. दोघांचं म्हणणं एकच होतं, पण मला पगार मिळत असल्यामुळे माझं खरं धरलं जायचं.

तू सोडा विकायचास त्यापेक्षा जास्त खायचास, हेही सांगायला हवं. जेवण झालं की चिमूटभर सोडा, वर लिंबाचं पाणी, आणि मग तो ढेकर. स्टेशनावर गाडीची वाट पाहणारे लोक घड्याळ पाहायचे, इतका तो वेळेवर यायचा. मी सांगायचो की पोटातल्या आम्लावर सोडा पडला म्हणून हा वायू सुटला. तू सांगायचास, "मास्तर, पोट म्हंजे माहा दुसरा कारखाना."

खायचा सोडा मुंबईकडून रेल्वेने यायचा. वैशाखात, म्हणजे ऐन तुझ्या मोसमात, तोच नेमका यायचा नाही. गावात धुण्याचा सोडा मात्र पोत्यांनी पडलेला. एक दिवस वैतागून तू विचारलंस, हा खायचा सोडा करतात तरी कसा? मला विचारायचीच खोटी होती. मी सांगितलं, की समुद्राकाठी मोठे कारखाने असतात. मिठाच्या पाण्यात आधी अमोनिया सोडतात, मग चुनखडी भाजून निघालेला कर्बवायू सोडतात. पांढरी भुकटी तळाशी बसते, तो खायचा सोडा. तोच पुढे तापवला, की वायू निघून जातो आणि धुण्याचा सोडा होतो.

"निंगून गेलेला वायू परत नाई आणता येत?" तू विचारलंस.

"येतो की. धुण्याच्या ओल्या सोड्याला वायू पाजला की तो पुन्हा खायचा होतो."

हे मी बोललो आणि तुझा चेहरा पाहिला. तू चाकावरचा हात काढून उभा राहिला होतास.

"वायू त माह्याजवळ हाये, मास्तर."

मी हसलो. म्हटलं, अरे, तुझा वायू येतो कशातून? खायच्या सोड्यातून. खायचा सोडा मारून तू वायू काढणार आणि तो वायू खर्चून पुन्हा खायचा सोडा करणार. विहिरीतलं पाणी शेंदून विहिरीतच ओतणार. त्या वेळी हे वाक्य मला इतकं आवडलं, की ते मी घरी जाऊन बायकोलाही ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी तू मला शाळेतून बोलावून घेतलंस. टाकीवर कोळशाने दोन रेघा ओढल्या होत्या. "पाह्य," तू म्हणालास, "एक वाटी खायचा सोडा बंद डब्यात भाजला अन् नळी टाकीले लावली. टाकी चार बोटं चढली. मंग तेवढाच वाटीभर सोडा तेजाबानं मारला. टाकी आठ बोटं चढली. म्हंजे अर्धा वायू गेला की खायच्याचा धुण्याचा होते. मंग धुण्याच्याले पुन्हा खायचा कराले वाटीमागं अर्धाच वायू लागन. अन् तेजाब देते पुरा वायू. एक मेला त दोन उठले पाह्यजे का नाई?"

नत्थू, हे तू चौथीपर्यंत शिकलेल्या डोक्याने केलं होतंस, एक डबा, एक नळी आणि चार बोटं एवढ्यावर. मी कॉलेजात दोन वर्षं रसायनशास्त्र शिकलो होतो. मी त्या दोन रेघांकडे पाहिलं आणि म्हणालो, "टाकी गळत असेल तुझी."

तरी तू केलंसच. वैशाख चालू होता, सावलीतही अंग भाजत होतं. एका मोठ्या पेटीला आतून डांबर फासलंस, बांबूच्या ताट्या एकावर एक बसवल्यास, त्यांवर धुण्याच्या सोड्याचे खडे पसरलेस आणि टाकीची नळी पेटीत घातलीस. मी रोज येऊन बघून जायचो, वैज्ञानिक दृष्टीने, म्हणजे हसायला. दुसऱ्याच दिवशी खडे ओले झाले. तिसऱ्या दिवशी पेटीतून काढ्यासारखं पाणी गळू लागलं आणि ताट्यांवर नुसता लगदा उरला. तू तो उन्हात वाळवलास, खलात कुटलास आणि समोरच्या भजेवाल्याला दिलास.

भजे लाल झाले. पिवळे नाहीत, खरपूस नाहीत, कुंकवासारखे लाल. लगदा कच्चाच राहिला होता, त्यातल्या धुण्याच्या सोड्याने बेसनातली हळद फिरवली होती. वास साबणाचा येत होता. भजेवाला कढईपासून दोन पावलं मागे सरकला. बाजाराचा दिवस होता, देवळीकडचे लोकही आले होते, शंभर माणसं तरी जमली असतील. आणि मी, नत्थू, मी भजेवाल्याच्या बाकावर चढलो. बाजेवरून माझं कोणी ऐकलं नव्हतं, इथे सगळे ऐकत होते. विहिरीचं वाक्य म्हणून झालं. मग मी म्हणालो, "मंडळी, आपले नत्थूजी सोडा मारून सोडा जन्माला घालतात. एकाचे दोन!" लोक पोट धरधरून हसले. तू तिथेच उभा होतास, हाताला लगदा लागलेला. तूही हसलास. जरा उशिरा हसलास.

त्या दिवसापासून गावाने तुझं नाव 'एकाचे दोन' ठेवलं. "काय एकाचे दोन, आज गॅस हाये का?" तुला ते चिकटलं ते चिकटलंच.  तू महिनाभर मला गॅस उडालेला सोडा पाजलास. मीही मुकाट्याने प्यायलो आणि "वा, आज जोरदार आहे" म्हणत राहिलो.

मग आणे जाऊन नवे पैसे आले ते वर्ष. आपण मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जाऊन बसलो होतो आणि त्यासाठी कोणालाही जागचं हलावं लागलं नव्हतं. नववीच्या वर्गात मी समीकरणं तोलायला शिकवत होतो. हाताला येईल ते उदाहरण घेतलं. फळ्यावर लिहिलं, धुण्याच्या सोड्याचा एक रेणू, कर्बवायूचा एक, पाण्याचा एक. बाण काढला. बाणापलीकडे खायच्या सोड्याचा एक रेणू लिहिला आणि वळलो.

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, इकडं सोडियम दोन हायेत, तिकडं एकच. दोन लिहा ना."

मी दोन लिहिलं. सगळं तोललं. वायू एक, खायचे सोडे दोन. आणि तो एक वायू मिळवायला तेजाबात मारावा लागतो खायचा सोडा एकच. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. तुझी चार बोटं आणि आठ बोटं माझ्यासमोर खडूने लिहिलेली होती. वैशाखात खडे वितळले होते ते नुसत्या उन्हाने. त्यांच्या अंगातच पाणी असतं, ऊन लागलं की त्यात ते विरघळतात. हे काही वायूचं किंवा हिशोबाचं चुकणं नव्हतं. तुझा हिशोब बरोबर होता, फक्त मोसम चुकला होता.

शाळा सुटल्यावर मी तुझ्याकडेच निघालो होतो. खरंच निघालो होतो. दुकान दिसलं, आत चार गिऱ्हाइकं दिसली, आणि माझे पाय तसेच पुढे गेले. मग उद्या सांगू झालं, मग दिवाळीनंतर झालं. तुला कारण सांगतो, बहाणा म्हणून नाही. माझ्यासारख्या मास्तराला त्या शाळेत चुकायची सोय नव्हती. मी कधी चुकतो याची वाट पाहणारे होते. दुसरा मास्तर चुकला तर तो चुकला असं म्हणत, मी चुकलो असतो तर 'शेवटी कोण' असं म्हणाले असते. म्हणून मी कधीच न चुकणारा माणूस होऊन बसलो होतो. पण नत्थू, तुझ्याजवळ तरी तसं बसायची गरज नव्हती. तू माझ्यासाठी अख्ख्या गावाच्या हातातले गिलास काढून घेतले होतेस, आणि मी तुला दोन अक्षरं देऊ शकलो नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी मी शाळेत जाताना तू दुकानात बाटल्यांच्या पेटीवर बसला होतास. छातीवर हात. "जळून राह्यलं," म्हणालास. मी म्हटलं, आम्ल वाढलं असेल. मीच म्हटलं. तू चमचाभर सोडा घेतलास, अर्धं लिंबू पिळलंस, ढेकर दिलास. "पाह्य, गेलं," म्हणालास. चेहरा घामाने भरला होता. मला वाटलं, उकाडा. कार्तिकात कसला उकाडा, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी निघालो तेव्हा तू हाक मारलीस.

"मास्तर, खरं सांग बरं एक डाव. एकाचे दोन होते का नाई?"

आणि मी म्हणालो, "आधी बरा हो, मग सांगतो."

मधल्या सुट्टीच्या आधीच माणूस बोलवायला आला. तुझी जळजळ पोटाची नव्हती. त्यावर सोड्याचं काही चालत नाही, एवढं रसायनशास्त्र मला यायला हवं होतं.

शोकसभेनंतर आठ दिवस गेले. मग वहिनींकडे गेलो. तुझ्या बायकोला तू जन्मभर भीत आलास, त्याचं कारण मला त्या दिवशी समजलं. मी सगळं सांगितलं, नववीचा वर्ग, फळा, दोन वर्षं. त्या सुपात धान्य पाखडत होत्या, थांबल्या नाहीत.

"मंग आता काऊन सांगून राह्यले, भाऊ? जिता होता तवा त तुमच्या तोंडात गोटी अडकली होती."



"अन् एक सांगतो तुमाले," त्या म्हणाल्या. "माह्या मोरीतला सोडा दर वैशाखात पाणी पाणी होते. मी तवाच म्हन्लं होतं तुमा दोघाले, हे काम थंडीत करा. एक त पुस्तकातलं सांगून राह्यला, एक त बोटं मोजून राह्यला. बाईचं ऐकते कोन?"

त्यांनी सूप ठेवलं. "थंडी पडली हाये. पेटी माळ्यावर हाये. काढा खाली."

मी पेटी काढली. पुसली. ताट्या बसवल्या. वहिनींनी सोडा तेजाबात मारला, नळी जोडली, मी चाकाला हात लावला तर म्हणाल्या, "तुमी लिहा, तुमाले तेच येते." मार्गशीर्षातली थंडी, खडे वितळले नाहीत. मात्र त्यांना घाम फुटला, टपटप पाणी गळू लागलं. तसंच व्हायला हवं होतं, कारण वायू आत शिरला की आतल्या पाण्याला बाहेर पडावं लागतं. सहा दिवसांनी खडे आकाराने तसेच राहिले, पण पांढरे आणि ठिसूळ झाले. वहिनींनी एक चुरगळून जिभेवर ठेवला. "खायचा हाये," म्हणाल्या. मग पदर डोळ्यांना लावला. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

एक शेर सोडा खर्च केला होता. वाळवून तोलला तो दीड शेर भरला.

"दीड," वहिनी म्हणाल्या. "दोन नाई झाले, भाऊ."

मी असा चिडलो की काय सांगू. "कागदावर दोनच आहेत! नळी गळली असेल. टाकीतल्या पाण्याने थोडा वायू प्यायला असेल. काही खडे आतून कच्चे राहिले असतील. हिशोब दोनचाच आहे, तो चुकलेला नाही!" वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. तुझ्या बाजूने मी पहिल्यांदाच भांडत होतो.

"हे इथं मले काऊन सांगता?" त्या म्हणाल्या. "जिथं हासले होते तिथं जा."

गेलो. बाजाराच्याच दिवशी गेलो. भजेवाल्याच्या बाकावर चढलो. म्हटलं, मंडळी, चार वर्षांपूर्वी मी इथून नत्थूला हसलो होतो. नत्थूचं बरोबर होतं. एकाचे दोन होतात. मी चुकलो होतो, आणि चुकलो हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं.

कोणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "मालूम होतं, अन् त्याले सांगतलं नाई?" मी म्हटलं, नाही सांगितलं. त्याने मान हलवली आणि वांगी निवडायला लागला. मी बाकावरून उतरलो. ज्याची मला नोकरीची आठ वर्षं भीती होती, ते एवढंच झालं. भजेवाल्याने कागदात चार भजे बांधून दिले आणि म्हणाला, "मास्तर, चुकले त चुकले. उद्या शाळा हाये ना?" दुसऱ्या दिवशी शाळा होती. हेडमास्तरांनी नेहमीसारखा नमस्कार केला. पोरं नेहमीसारखी उभी राहिली. 'शेवटी कोण' कोणी म्हणालं असेलही, माझ्या कानावर आलं नाही. चुकलो म्हणायला इतकंच लागत होतं, नत्थू.

मी हे दोन वर्षांपूर्वी तुझ्या दुकानात येऊन म्हणालो असतो तर काय झालं असतं, ते मला नीट माहीत आहे. तू आधी मला तीनदा म्हणायला लावलं असतंस. मग रस्त्यावर जाऊन ओरडला असतास. गावाला दिवसभर फुकट सोडा पाजला असतास, हेडमास्तरांच्या नाकातून पुन्हा काढला असतास. आणि पुढे वर्षभर मला जगू दिलं नसतंस. शाळेत जाताना, येताना, लग्नात, मयतीत, कोणीही भेटलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं असतंस, की हा मास्तर माह्यापासून हिशोब शिकला. मी चिडलो असतो, उठून गेलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटली की परत आलो असतो.

ते वर्ष मला पाहिजे होतं, नत्थू.